एकविसाव्या चतुर्थीची स्मूदी

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन, दुसऱ्याच्या दुधात दुसऱ्याची फळं घालून, 'बघा, किती सोपं आहे' असं म्हणायचा मला सव्वीस वर्षं पगार मिळाला. माझ्या ओळखपत्रावर 'डेमॉन्स्ट्रेटर' असं छापलेलं असे. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत मात्र मी 'मिक्सरवाल्या बाई', आणि माझा मुलगा शाळेत असेपर्यंत 'मिक्सरवाल्या बाईंचा मुलगा'. त्याने त्याबद्दल मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

काम असं होतं. तुम्ही दुकानातून मिक्सर घेतलात की दुकानदार आमच्या ऑफिसला एक चिठ्ठी पाठवायचा. आठ दिवसांच्या आत मी तुमच्या दारात हजर. मिक्सर खोक्यातून काढायचा, भांडी कशी बसवायची ते दाखवायचं, एक ओलं वाटण, एक कोरडं वाटण आणि शेवटी एक पेय करायचं, आणि 'डेमो समाधानकारक झाला' या ओळीखाली घरच्या बाईंची सही घ्यायची. आता हे सगळं बंद झालं. आता खोक्यावर एक चौकोन असतो, तो मोबाइलने टिपला की एक मुलगी हसत हसत दीड मिनिटात सगळं करून दाखवते. तिच्या ओट्यावर एक थेंब सांडत नाही, आणि तिच्या मागे उभं राहून 'आमच्यात असं करत नाहीत' म्हणणारं कोणी नसतं. माझ्या मागे कायम कोणीतरी असे.

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत माझा इलाका. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी माझ्या येण्याआधी सगळी पुस्तिका पाठ केली होती आणि माझ्याच हातून होणाऱ्या चुका ते शेजारी उभे राहून मोजत होते. कल्याणच्या एका बाईंनी डेमो पूर्ण बघितला, सही केली, मिक्सर परत खोक्यात भरला आणि मुलीच्या लग्नासाठी माळ्यावर ठेवून दिला. मुलगी तेव्हा सहावीत होती. खाडीकडच्या एका कोळीणमावशींनी तर मला माझं पेय आधी करूच दिलं नाही. "आगो बाय, आदी माजी चटनी फिरव, मंग तुजा दूध," असं म्हणून त्यांनी सुक्या जवळ्याची चटणी करवून घेतली आणि मग त्याच भांड्यात माझं मिल्कशेक करायला लावलं. त्या ते पेय आवडीने प्यायल्या. मलाही आग्रह केला. नोकरीत काय काय करावं लागतं, याची कल्पना बाहेरच्यांना नसते.

तर हे शेवटचं पेय, हाच माझ्या कहाणीचा विषय आहे.

सुरुवातीची बरीच वर्षं ते आंब्याचं किंवा चिकूचं मिल्कशेक असे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग वरच्या ऑफिसात कोणी नवे साहेब आले आणि मिक्सरबरोबरची पुस्तिका नव्याने छापली गेली. तिच्या पहिल्याच पानावर गुलाबी-केशरी रंगाचा उंच ग्लास, आणि खाली 'ताज्या पीचची क्रीमी स्मूदी'. हेच पेय डेमोत करायचं, असा हुकूम सुटला. साहेबांचं लहानपण डोंगराकडे गेलं असावं, जिथे पीच परसात पडलेले असतात. डोंबिवलीच्या बाजारात तेव्हा पीच मागितलं की भाजीवाला आधी आलुबुखार दाखवायचा, मग सफरचंद, आणि मग माझ्याकडे नीट बघायचा. हिंदी बोलणारा असला तर 'आडू' म्हटल्यावर त्याला कळायचं, पण ते महिना-दीड महिनाच, उन्हाळा संपता संपता. तेवढ्या दिवसांत सगळे डेमो कसे उरकायचे, हे पुस्तिकेत दिलेलं नव्हतं. एरवी आम्ही डब्यातले पाकातले पीच वापरायचो आणि 'ताजे' हा शब्द भरभर वाचायचो.

तरी सांगते कसं करायचं, कारण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पीच रंगावर घ्यायचं नाही, वासावर घ्यायचं. देठाजवळ नाक नेल्यावर गोड वास आला आणि अंगठ्याने किंचित दबलं, तर ते पिकलेलं. खालच्या टोकाला सुरीने फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. साल मोज्यासारखी निघून येते. बाठ काढून फोडी करायच्या, फ्रीजरमध्ये कडक करायच्या. मग फोडी, अर्धं केळं, घट्ट दही, चमचाभर मध, आणि दूध अगदी बेताने. बटण आधी डावीकडे ओढून धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं, तीन-चार वेळा. फोडी मोडल्या की मग सलग फिरवायचं. एवढंच आहे. पण यातली निम्मी तयारी आदल्या दिवशीची, आणि मी तर घरात शिरून चाळीस मिनिटांत बाहेर पडणारी. फोडी गोठवणार कधी? घरातलं दही बहुतेक वेळा पातळ, आणि पीच आंबट.

पहिल्याच मोसमात कल्याणच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, बायकांनी गच्च भरलेल्या, मी आंबट पीच घालून दूध फाडलं. पाणी वेगळं, चोथा वेगळा. समोरच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "पनीरचं पण भांडं वेगळं असतं का हो?" हॉल हसला. मीही हसले. घरी आले आणि रडले.

त्यानंतर माझ्या पिशवीत डबी आली. लहान स्टीलची, कुंकवाच्या करंड्यापेक्षा थोडी मोठी. तिच्यात भाजलेल्या ओट्सचं बारीक पीठ. दूध घालताना पाठ किंचित वळवायची, 'जरा तो ग्लास द्या हो' म्हणायचं, आणि तेवढ्यात दोन चमचे पीठ भांड्यात. पेय असं दाट आणि मऊ व्हायचं की चमचा उभा राहील. बायका म्हणायच्या, "अय्या, किती क्रीमी!" मी म्हणायचे, "मोटर आहे ना तशी." साहेबांनी एकदा माझा डेमो बघितला आणि बाकीच्या मुलींना सांगितलं, शिका हिच्याकडून. हिच्या हाताला कळतं मशीन काय करू शकतं ते.

मागाहून फोन यायचे. "ताई, तुमच्यासारखं होत नाही हो, पाणीच राहतं." मी विचारायचे, "पीच नीट पिकलेले होते का?" पीच नीट पिकलेलं होतं की नव्हतं, याची खात्री आमच्याकडे कोणालाच नसते. कितीतरी बायकांना मी असं त्यांच्याच फळांवर संशय घ्यायला लावलं. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

निवृत्तीला सहा-सात महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला पेठेकाकूंकडे डेमो होता. काकूंचं वय त्र्याहत्तर, पतीला जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात त्या आणि मुलगी मृदुला. मृदुला छत्तिशीची, ठाण्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि बिनलग्नाची. हे शेवटचं मला काकूंनी पाण्याचा ग्लास हातात देतानाच सांगितलं.

मिक्सर मृदुलाने आणला होता. ती ऑफिसात रोज असलं काहीतरी प्यायची, आणि दर चतुर्थीला आई दिवसभर साबुदाण्यावर असते म्हणून तिच्या पोटात काही पौष्टिक जावं, एवढा तिचा हेतू. त्यासाठी तिने त्या दिवशी सुट्टी घेतली होती आणि ठाण्याच्या बाजारातून छान वासाचे पीच आणून ठेवले होते. दिवस नेमका संकष्टीचा. साधीसुधी नाही, एकविसावी. काकूंनी मुलीच्या लग्नासाठी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या, वीस निर्विघ्न झाल्या होत्या, आणि उद्यापन येत्या रविवारी टिटवाळ्याला जाऊन करायचं ठरलं होतं, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

मिक्सरची पूजा माझ्या येण्याआधीच झालेली होती. मोटरवर स्वस्तिक, झाकणावर हळद-कुंकू, बटणापाशी दूर्वांची जुडी. तीन भांड्यांपैकी एकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"ते उपासाचं हं," काकू म्हणाल्या. "त्याला कांदा-लसूण, धान्य, काही लागायचं नाही. आजच लावलाय ठिपका. तू त्याच्यातच कर."

मी केलं. हात सवयीचा. इकडे काकू मला त्यांच्या भाच्याच्या लग्नाचं सांगत होत्या, मी 'हो का?' म्हणत होते, दूध घालत होते, पाठ वळत होती. काकूंनी ग्लास हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "काय काय घातलंयस गं? सगळं उपासाला चालणारं ना?"

"पीच, केळं, दही, दूध, मध," मी घडाघडा म्हटलं. "सगळं चालणारं."

त्या सावकाश, डोळे मिटून प्यायल्या. "लोण्यासारखं झालंय," म्हणाल्या, आणि सही केली. 'समाधानकारक'च्या पुढे स्वतःच्या हाताने 'फार' असं लिहिलं.

रिक्षात बसल्यावर मी पिशवीत सुटे पैसे शोधायला हात घातला आणि डबी हाताला लागली. झाकण सैल होतं. माझ्या बोटांना पीठ लागलं. एकवीस महिने दर संकष्टीला त्या बाईने चंद्र दिसेपर्यंत धान्याचा कण तोंडात घातला नव्हता, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मी तिच्या हातात ओट्सचा ग्लास ठेवून आले होते. वर विचारलं तेव्हा तोंडावर खोटं बोलून.

आता तुम्ही म्हणाल, न सांगता कोणाला काय कळणार होतं? मीही तेच म्हणत होते. घरी जाईपर्यंत म्हणत होते, भाजी चिरताना म्हणत होते. शिवाय सांगायचं तर ओट्स का, डबी का, हे सांगावं लागणार, म्हणजे इतकी वर्षं ज्याच्यावर माझं नाव झालं ते एका वाक्यात धुऊन निघणार. पण रविवारी काकू टिटवाळ्याला देवापुढे उभ्या राहून 'एकवीस पूर्ण झाल्या' म्हणणार, आणि ते खोटं माझं असणार. मी काही फार देवभोळी नाही. पण देवाशी खोटं बोलायचंच असेल तर माणसाने स्वतःचं स्वतः बोलावं, दुसऱ्याच्या तोंडून बोलू नये, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी फोन केला. सगळं सांगितलं. डबीसकट.

मग काकूंनी विचारलं, "किती घातलेस?"

"दोन चमचे."

"चहाचे की पोह्याचे?"

"चहाचे, काकू."

मग त्या म्हणाल्या, "तरीच."

"तरीच काय?"

"तरीच म्हटलं, वीस होऊन गेल्या तरी एक स्थळ धड कसं येत नाही. कुठेतरी चुकतच होतं बघ."

"अहो काकू, पण ओट्स काल पोटात गेलेत. आधीच्या वीस संकष्ट्यांचा त्याच्याशी काय संबंध?"

"अगं, देवाला पुढचं दिसतं," काकू अगदी सहज म्हणाल्या. आणि मग मला कागद फडफडल्याचा आवाज आला. त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून पान उलटत होत्या. "पुढची बुधवारी येते आहे. बरं झालं, मंगळवारी पाहुणे आहेत. मग आता पहिल्यापासून." आवाजात राग शोधूनही सापडेना. उलट एखादी बाई उन्हाळ्याच्या वाळवणाचा बेत ठरवते तसा उत्साह होता. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुला तरी काय माहीत!" मला सगळं माहीत होतं, हे त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

माझा जीव भांड्यात पडला. तो दुपारपर्यंत तिथे राहिला. दुपारी मृदुलाचा फोन आला.

"ताई, तुम्हाला खरं बोलायला नेमकं आजच सुचलं?" तिने सुरुवातच अशी केली. "सॉरी, पण मी खरंच वैतागलेय. माझं आणि आईचं ठरलेलं. एकवीस झाल्या की विषय बंद. झालं लग्न तर झालं, नाही झालं तर नाही. मग पुन्हा फोटो पाठवायचे नाहीत, मावशीला सांगायचं नाही, लग्नात कोणाला गाठून माझा पगार सांगायचा नाही. मी एकवीस महिने दिवस मोजत बसलेले, कळतंय का? रविवारी सुटणार होते मी. आता परत एकवीस!"

"मी आयुष्यात पहिल्यांदाच कबुली दिली हो," मी म्हटलं. "मला अनुभव नव्हता."

ती एकदम हसली. रागातच हसली, पण हसली. मग म्हणाली, "म्हणजे तो मिक्सर पण तसाच का?"

"नाही नाही, मिक्सर चांगला आहे," मी म्हटलं. जुनी सवय.

पंधरा दिवसांनी काकूंनीच मला बोलावून घेतलं. नेलपॉलिशचा ठिपका खरवडून, भांडं गरम पाण्याने दोनदा धुऊन, नवा ठिपका लावून ठेवला होता. "आता ओट्सशिवाय करून दाखव," त्या म्हणाल्या. मी प्रामाणिकपणे केलं. पातळ झालं. काकूंनी चव घेतली, फ्रीज उघडला आणि एक वाटी काढली. रात्रभर फडक्यात टांगून ठेवलेला चक्का.

"दाटपणा हवा तर हा घाल की. ओट्स कशाला लागतायत? श्रीखंड कशाने दाट होतं तुमच्याकडे?"

मी चक्का घातला. चमचा उभा राहिला. वेलचीही त्यांनीच टाकली, आणि खरं सांगते, माझ्या डबीच्या पिठाने ती चव कधीच आली नव्हती. मी ओट्याला टेकून उभी राहिले. दर सणाला ज्या बायका चक्का टांगतात त्यांच्याच घरी मी चोरून पीठ नेत होते, आणि त्यांच्यापासून लपवून दाटपणा आणत होते. इतकी वर्षं एकीलाही विचारलं नाही, कारण शिकवायला मी गेलेले असे.

उरलेले महिने मी चक्का घालून डेमो केले, आणि चक्का घातला आहे असं मोठ्याने सांगितलंही. साहेब खूश नव्हते. त्यांच्या मते त्याने मोटरचं श्रेय जात होतं. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला तोच मिक्सर भेट दिला. डबी मी घासून त्यात टाचण्या ठेवल्या.

त्यानंतर अधूनमधून काकूंचा फोन यायचा, बहुतेक संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. पाचवी झाली, नववी झाली. फुलं कुठून आणली, टिटवाळ्याला कोण कोण बरोबर होतं, परतीला कोणाच्या गाडीत बसल्या, मोदक कसे फुटले. लग्नाचा विषय सुरुवातीला असायचा. मग शेवटी येऊ लागला. मग कधी कधी राहूनच जायचा आणि त्या पुन्हा फोन करून सांगायच्या, "अगं, ते स्थळाचं सांगायचं राहिलं. काही नाही अजून." मधल्या काळात त्यांचा गुडघा गेला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन मैत्रिणी गेल्या. महिन्यात एक दिवस मात्र ठरलेला असे. त्या दिवशी त्या पहाटे उठत, ठेवणीतली साडी नेसत आणि रिक्षावाल्याशी भांडून देवळात जात.

गेल्या मार्चमध्ये मृदुलाचा फोन आला.

"ताई, आईला सांगू नका मी फोन केला ते. शनिवारी एकविसावी आहे. तुम्ही या. पीच आहेत."

"मार्चमध्ये पीच?"

"जूनमधले. तेव्हाच सोलून, फोडी करून फ्रीजरमध्ये टाकलेत. तुम्हीच सांगितलेलं तसं. आणि तुमची ती डबी घेऊन या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिच्यावर जवळजवळ ओरडलेच. "अगं, त्या वेळी माझ्याकडून चूक झाली होती. जाणूनबुजून कोणाचा उपास मोडायचा? आणि तूच तर म्हणत होतीस, सुटका हवी म्हणून!"

"हवी होती ना," ती म्हणाली. "पण गेल्या जूनमध्ये ती भांडी पुसता पुसता मला म्हणाली, 'एकविसावी झाली की मग काय करायचं गं?' असंच, सहज. लग्नाबद्दल नव्हती बोलत ती. कॅलेंडरकडे बघत होती." मग म्हणाली, "मी माझ्या हाताने घातले असते, पण मग मला सांगावं लागेल. माझं ती ऐकत नाही. म्हणेल, तुला लग्न करायचं नाही म्हणून नाटकं करतेस. तुम्ही सांगितलं की तिला पटतं."

म्हणजे जूनमध्ये फोडी गोठवताना हिने ठरवून ठेवलं होतं. नऊ महिने आधी. ही माझ्यावर चिडलेली मुलगी.

मी गेले. डबी नेली नाही, टाचण्या होत्या तिच्यात. मृदुलाने ओट्सचं पाकीट ओट्यावर पोळीच्या डब्यामागे ठेवलं होतं, पण पाकीट उंच आणि डबा बुटका. लाल ठिपक्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. फोडी अगदी सुरेख राहिल्या होत्या. काकू बाहेर आरामखुर्चीत होत्या. आता त्या बऱ्याच लहान दिसायला लागल्या होत्या, पण साडी ठेवणीतलीच होती. मी फोडी घातल्या, केळं घातलं, चक्का घातला, दूध घातलं, आणि चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. कितीतरी वर्षं जो हात आपोआप वळत होता तो आज हलेना. मृदुला दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात काकू काठी टेकत आत आल्या. वेलची देते म्हणाल्या. त्यांनी डब्यातून वेलचीची पूड काढली, माझ्यासमोर ठेवली, आणि त्यांची नजर पोळीच्या डब्यामागे गेली. तिथे ती काही क्षण राहिली. मग लेकीकडे गेली. मृदुला खाली फरशीकडे बघत होती.

"दाट होऊ दे हं," काकू मला म्हणाल्या आणि काठी टेकत बाहेर जाऊन बसल्या.

मी दोन चमचे घातले. चहाचे.

ग्लास त्यांच्या हातात दिला तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं. खरं सांगायचं की खोटं, ते मात्र ठरलं नव्हतं. काकूंनी ग्लास उजेडाकडे धरला, पहिल्या घोटाला डोळे मिटले आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. काय काय घातलंय ते त्यांनी या वेळी विचारलं नाही.

पदराने ओठ टिपून त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला. "उद्या फोन कर मला," म्हणाल्या. "काही सांगायचं राहिलं असेल तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला मी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "थांब हं. आधी कॅलेंडर घेते."